आरोग्य-मार्गदर्शनाचा लघुव्यवसाय : काही धडे

आहार, व्यायाम व झोप यांविषयीच्या सवयी बदलण्यास व्यक्तीला सातत्याने साहाय्य करणे म्हणजे आरोग्य-मार्गदर्शन होय. निदान व औषधोपचार यांचा त्यात समावेश होत नाही. एकट्या-दुकट्याने चालविलेल्या अशा व्यवसायात पहिली चूक होते ती माहितीलाच विक्रेय वस्तू मानण्याची. आहाराचा तक्ता कोठेही मिळतो. पाठपुरावा मात्र दुर्मीळ असतो.

अमेरिकेतील मधुमेह-प्रतिबंध कार्यक्रमाचे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष या दृष्टीने उद्बोधक आहेत. जीवनशैली गटास पहिल्या २४ आठवड्यांत १६ पाठ वैयक्तिकरीत्या देण्यात आले. उद्दिष्टे मोजकीच होती : वजनात ७ टक्के घट व आठवड्यास १५० मिनिटे व्यायाम. मधुमेह होण्याचे प्रमाण या गटात ५८ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिन गटात ३१ टक्क्यांनी घटले. भारतातील अभ्यासात (२००६) मात्र जीवनशैली गटातील घट २८.५ टक्के होती. म्हणून ग्राहकास ठरावीक फलाचे आश्वासन देणे अयोग्य ठरते.

पाठपुराव्यास वेळ लागतो. त्यामुळे ग्राहकसंख्या मर्यादित राहते व शुल्क त्यानुसार ठरवावे लागते. ही तूट भरून काढण्यासाठी चूर्णे, पावडरी विकण्याचा मोह होतो. मधुमेह व स्थूलता यांवरील औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या अधिनियमाने प्रतिबंध केला आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

इन्सुलिन घेणाऱ्याने परस्पर आहार घटविल्यास रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरू शकते. अशा ग्राहकास प्रथम डॉक्टरांकडे पाठविण्याने तात्कालिक उत्पन्न बुडते. परंतु व्यवसायाची विश्वासार्हता त्यावरच उभी राहते.