पडद्यावरचे लुगडे खरे बोलते का?

ऐतिहासिक मालिका लागली की आपण कथा पाहतो, संवाद ऐकतो. परंतु पात्राने तोंड उघडण्यापूर्वीच त्याचे कपडे बोललेले असतात. हा माणूस गरीब की श्रीमंत, खेड्यातला की शहरातला, कोणत्या जातीचा, हे सारे प्रेक्षक पहिल्याच क्षणी ओळखतो. म्हणून मालिकेच्या वेशभूषाकाराचे काम म्हणजे नुसते शिवणकाम नव्हे. तो इतिहासच सांगत असतो. हा इतिहास खरा सांगितला जातो की खोटा, याकडे आपले लक्ष हवे.

आधी हे काम कसे चालते ते पाहू. कथेचे साल ठरले की वेशभूषाकार जुने फोटो, चित्रे, वर्णने गोळा करतो. त्यातही फसगत होते. जुने फोटो काळे-पांढरे. त्या काळच्या अनेक फिल्मवर तांबडा रंग काळपट उमटे आणि निळा फिकट दिसे. फोटोतले काळे लुगडे प्रत्यक्षात लालही असू शकते! मग कापडाचा प्रश्न येतो. टेरिलीनचा शोध १९४१ सालचा. तेव्हा १९२७ सालच्या प्रसंगात चकचकीत टेरिलीनची साडी दिसली तर ती चूकच. नवे कापड जुने दिसावे म्हणून ते चहाच्या पाण्यात बुडवतात, कोपर-गुडघ्यांवर घासून विरवतात. प्रसंगांचे चित्रण उलटसुलट क्रमाने होते. त्यामुळे कोणत्या प्रसंगात कोणता कपडा, किती मळलेला, याची नोंद ठेवावी लागते. सेटवरचे ड्रेसदादा हे सारे सांभाळतात.

पण आपल्या दृष्टीने खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. या देशात कपडा ही केवळ आवडीची बाब कधीच नव्हती. मनुस्मृतीने चांडाळांना मृतांची वस्त्रे आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले. १९२८ साली इंदूर भागातील बलाई समाजावर सवर्णांनी लादलेल्या अटी बाबासाहेबांनी आपल्या 'जातिनिर्मूलन' या १९३६ सालच्या ग्रंथात नोंदविल्या आहेत. जरीकाठी पगडी बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, स्त्रियांनी सोन्या-चांदीचे दागिने घालू नयेत! पोट भरण्याची ऐपत असो वा नसो, नीटनेटके दिसणे हाच गुन्हा ठरविला होता.

आता महाड आठवा. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेत बाबासाहेबांनी महिलांना वेगळे मार्गदर्शन केले. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतचे कथलाचे वा चांदीचे गोठ टाकून द्या, कारण तीच तुमची अस्पृश्य म्हणून ओळखीची खूण आहे, असे त्यांनी समजावले. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ असावा, असेही सांगितले. महाडच्या मुक्कामातच महिलांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलली.

वेशभूषाकाराला हे ठाऊक नसेल तर काय होईल? महाडच्या आधीची आणि नंतरची आपली माय तो एकाच पद्धतीने नेसवील. म्हणजे तिने केलेली क्रांती पडद्यावरून पुसली जाईल. ठाऊक असेल तर एका शब्दाविना, नुसत्या घोट्यापर्यंत उतरलेल्या लुगड्याने, तो सारा प्रसंग उभा करील.

२०१४ साली श्याम बेनेगल यांची 'संविधान' आली, २०१९ साली मराठीत बाबासाहेबांवरील मालिका आली. सुटाबुटातले बाबासाहेब उभे करणे त्या मानाने सोपे, कारण त्यांचे फोटो पुष्कळ आहेत. अवघड आहे ती त्यांच्यामागे उभी असलेली माणसे. त्यांना सरसकट चिंध्या घालणे सोपे. पण सभेला जाताना आपला माणूस असेल त्यातला धुतलेला सदरा घालून जात होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोक पांढरी वस्त्रे नेसून आले. त्या सगळ्यांचे पांढरे एकसारखे कसे असेल? गरिबी दाखवा, पण तिच्यातला स्वाभिमान झाकू नका, एवढेच आपले मागणे आहे.

बंधू-भगिनींनो, हे मागताना आपलेही एक काम आहे. आपल्या आजी-पणजीचे कपडे कसे होते, याचा पुरावा ग्रंथालयात क्वचित सापडेल. तो आपल्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. जुना फोटो काढा. मागे पेन्सिलने हलक्या हाताने नाव, गाव आणि साल लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, लुगड्याचा रंग कोणता होता, काठ कसा होता, हातात काय होते. तेही लिहा. आजीचे जुने लुगडे असेल तर सगळेच गोधडीत घालू नका, एक जपून ठेवा. उद्या एखादा वेशभूषाकार विचारीत आला, तर दाखवायला आपल्याजवळ काहीतरी असले पाहिजे.