गाठ विरते, रोगी वाचतो काय?

वाशीम जिल्ह्यातील केनवडसारख्या गावच्या एखाद्या शेतकऱ्याच्या यकृतात गाठ निघाली, म्हणजे त्याची पायपीट रिसोड, वाशीम, अकोला अशी वाढत जाते आणि बहुधा नागपूर वा मुंबई येथे जाऊन थांबते. शरीरावर सुरी न चालवता, केवळ ध्वनीच्या साह्याने गाठ नष्ट करणारे यंत्र निघाले आहे, असे अशा माणसाच्या कानी आले तर त्याला ते वरदान वाटावे, यात नवल नाही. वार्ता खोटी नव्हे; मात्र ती अपुरी आहे.

सोनोग्राफीत वापरला जातो तोच श्राव्यातीत ध्वनी येथे बाहेरून अनेक दिशांनी एका बिंदूवर एकवटतात. भिंगाने कागद जाळणाऱ्या शाळकरी पोराला हे तत्त्व निराळे समजावून सांगावे लागत नाही. वाटेतील कातडी व स्नायू सुरक्षित राहतात, आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेतील पेशी भाजून मरतात. कल्पना आजची नाही. १९४२ मध्ये लिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तिचे प्रयोग केले. १९५० च्या दशकात इलिनॉय येथील फ्राय बंधूंनी ते पुढे नेले. २००४ मध्ये गर्भाशयातील तंतुमय गाठींसाठी अशा यंत्राला अमेरिकेत मान्यता मिळाली. मिशिगन विद्यापीठात विकसित झालेल्या ‘हिस्टोट्रिप्सी’ या नव्या पद्धतीत तर उष्णताही नाही. ध्वनीच्या तीव्र स्पंदांनी ऊतींत सूक्ष्म बुडबुडे उठतात आणि त्यांच्या धक्क्यांनी पेशींच्या चिंधड्या उडतात.

असे यंत्र थेट माणसावर चालवीत नाहीत. आधी वायुविरहित पाण्याच्या टाकीत ध्वनिमापकाने त्याचा झोत मोजतात. मग प्रथिन मिसळलेल्या पारदर्शक जेलवर तो सोडतात. अंड्यातील पांढरा बलक शिजावा तसा झोताखालचा भाग पांढरा पडतो, आणि नेम कोठे लागला ते डोळ्यांना दिसते. त्यानंतर प्राण्यांवर प्रयोग होतात. जेल स्थिर असते, पण यकृत श्वासागणिक खालीवर होते. फासळ्या ध्वनी अडवितात आणि आतड्यातील वायू तो परतवितो. येथवरची परीक्षा यंत्राची असते, व ती बहुधा चोख होते. रोग्याची परीक्षा त्यापुढे सुरू होते, आणि घोटाळा होतो तो तेथेच.

हिस्टोट्रिप्सीच्या यकृतावरील प्रमुख चाचणीत ४४ रोगी होते. तपासलेल्या ४४ गाठींपैकी ४२ गाठींमध्ये ठरविलेला भाग यथायोग्य नष्ट झाला. तिघांना गंभीर उपद्रव झाले. यशाचा निकष उपचारानंतर ३६ तासांच्या आत, तर उपद्रवांचा ३० दिवसांत पाहिला गेला. या आधारावर ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने यंत्राला अनुमती दिली. त्या अनुमतीचे शब्द मुळातून वाचण्यासारखे आहेत. यंत्र यकृतातील गाठी नष्ट करण्यासाठी आहे. कर्करोगावरील उपचार म्हणून अथवा रोगी किती काळ जगतो या दृष्टीने त्याचे मूल्यमापन प्रशासनाने केलेले नाही, असे त्यात स्पष्ट बजावले आहे. नियामकाने प्रामाणिकपणे सांगितलेली ही मर्यादा जाहिरातीच्या भाषेत मात्र हरवून जाते.

हा भेद शब्दच्छल नव्हे, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ मध्ये ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी सुरू झाली. मुंबईचे टाटा स्मारक व बार्शीचे कर्करोग रुग्णालय तिच्यात सहभागी होते. तिन्ही तपासण्यांनी रोग शोधला. पण आठ वर्षांनी मृत्यू मोजले तेव्हा फक्त विषाणू-तपासणीच्या गटात ते लक्षणीय घटलेले आढळले. तीस दिवसांनी हिशेब मिटविला असता, तर तिन्ही पद्धती सारख्याच यशस्वी ठरल्या असत्या.

अर्थात हजारो रोग्यांची अट प्रत्येक यंत्राला घातली, तर एकही यंत्र रोग्यापर्यंत पोहोचणार नाही. लहान चाचणी हे पहिले पाऊल म्हणून योग्यच आहे. प्रश्न पुढच्या पावलांचा आहे. भारतात २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार अशा चाचणीला केंद्रीय अनुमती लागते, रोग्याला समजेल अशा भाषेत संमती घ्यावी लागते आणि चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाई द्यावी लागते. कागदावर हे पुष्कळ आहे. परंतु वर्षानुवर्षे दर काही महिन्यांनी छायाचित्रणासाठी मोठ्या शहरात यायचे, तर केनवडच्या माणसाची मजुरी बुडते, सोबत्याचीही बुडते, आणि तुरीच्या काढणीत तो येत नाही. कागदोपत्री त्याची नोंद ‘संपर्क तुटला’ अशी होते. ज्यांचे काय झाले ते कळत नाही, तेच निष्कर्षातून गळतात. मग उरलेल्यांचे यश आहे त्याहून मोठे दिसते.

म्हणून चाचणीच्या अंदाजपत्रकात यंत्राच्या किमतीशेजारी रोग्याच्या व सोबत्याच्या प्रवासाचा, बुडालेल्या मजुरीचा आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून होणाऱ्या पाठपुराव्याचा खर्च धरला पाहिजे. संमतिपत्राच्या पहिल्याच पानावर, रोग्याला वाचून दाखविता येईल अशा मराठीत, दोन वाक्ये वेगवेगळी छापली पाहिजेत: गाठ नष्ट होते याविषयी काय माहीत आहे; आणि आयुष्य वाढते की नाही याविषयी काय अद्याप माहीत नाही.