पाथरीच्या रस्त्याला

मानवतचा बाजार भरलाय. मृग चार दिवसांवर आलाय. पाथरीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला पाल ठोकलंय, पुढ्यात जमिनीत रोवलेली ऐरण. अकरा वाजताच पारा चाळिशीच्या पुढे, त्यात शेजारी भट्टी. तरी माणसं हलत नाहीत. प्रत्येकाच्या हातात काहीतरी बोथट: खुरपं, कुऱ्हाड, वखराची पास. सगळं पेरणीआधी शेवटून हवंय.

घिसाडी सांडशीनं लाल पट्टी धरतो. बायको घण उचलते. तो हातोडीनं जागा दाखवतो, ती नेमका तिथंच घाव घालते. टण, ठप्प. टण, ठप्प. पोरगी पंख्याचा दांडा फिरवते. पूर्वी इथं चामड्याचा भाता असायचा. पट्टी ट्रकच्या पाट्याची, भंगारातून किलोवर आणलेली. शंभरात अर्ध्या भागाच्या आसपास कार्बन असलेलं हे पोलाद धार चांगली धरतं.

आई पोरीला काहीतरी सांगते. ते मराठी नाही. 1908 साली छापलेल्या भाषिक सर्वेक्षणाच्या खंडात ही बोली गुजरातीच्या भागात आहे, तारीमुकी या नावानं. आपलं मूळ राजस्थान-गुजरातकडचं, असं ही मंडळी सांगतात. राज्याच्या यादीत ती भटक्या जमाती 'ब' मध्ये आहेत. गिऱ्हाईक आलं की मात्र तोंडात परभणीची मराठी.

"दादा, मी डावरी हाय. धार उलट्या अंगाला काढा."

"बसा मावशी. तुमच्या हाताचाच घडवतो."

समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात तयार विळे टांगलेत. चकचकीत, सगळे उजव्या हाताचे.

मावशीचा विळा पुन्हा निखाऱ्यात जातो. पाणी द्यायला लोखंड 800 अंशांच्या आसपास तापावं लागतं. इथं मोजायला काही नाही. तो विळा सावलीत धरतो, गुंजेसारखी लाली चढलेली बघतो आणि धारेपुरताच पाण्यात बुडवतो. चर्रर्र. पाणी जास्त झालं तर धार खिरते, कमी पडलं तर वळते.

मावशी डाव्या हातानं कडब्याचं ताट कापून बघते. "मूठ बारीक करा जरा." मूठ तासली जाते. घासाघीस होते, दहा रुपये सुटतात.

मागचा म्हातारा पास पुढे सरकवतो. "काळ्या रानात रुतती. पुढून पातळ कर."

घिसाडी पास उलटीपालटी करून बघतो आणि निखाऱ्यात खोचतो.