गोल तीळ, लांब वण

पाठीवरचा एवढासा तीळ काढून घेतला आणि वण मात्र बोटाच्या पेरापेक्षा लांब पडला, ही तक्रार त्वचेच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना रोजची असते. तक्रार रास्त वाटते, पण हिशेब डॉक्टरांच्या बाजूने आहे. कातडीला गोल भोक पाडून त्याच्या कडा टाक्यांनी जुळवल्या, तर दोन्ही टोकांना चुण्या पडून उंचवटे उभे राहतात. सर्जन मंडळी त्यांना ‘डॉग इअर’ म्हणतात. ते टाळायचे तर काप दोन्हीकडे निमुळता व्हायला हवा, टोकाशी साधारण 30 अंशांचा कोन धरून. म्हणजे लांबी रुंदीच्या जवळपास तिप्पट आली. तीळ आणि भोवतीची थोडी निरोगी कातडी मिळून 1 सेंटिमीटर काढायची, तर वण 3 सेंटिमीटरचा होणारच.

ही लांबी कोणत्या दिशेने धरायची, हा प्रश्न मात्र त्याहून मजेदार आहे. फ्रेंच सर्जन द्युपुइत्राँ यांच्यासमोर 1830 च्या दशकात एका आत्महत्येची केस आली. त्या माणसाने स्वतःला गोल टोच्याने भोसकून घेतलं होतं, पण अंगावरच्या जखमा गोल नव्हत्या, लांबट होत्या! पुढे व्हिएन्नातले शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल लँगर यांनी हे धागेदोरे उचलले. मृतदेहांवर गोल टोच्याने एकमेकांजवळ भोकं पाडत ते गेले. प्रत्येक भोक कुठल्या ना कुठल्या दिशेला ताणलं जाऊन लांबट होत होतं. ती जोडत गेल्यावर अख्ख्या शरीरावर रेघांचा नकाशा उमटला. 1861 साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. आपली कातडी अंगावर सैलसर पांघरलेली नसते. ती ताणून बसवलेली असते, आणि प्रत्येक जागचा ताण वेगळ्या दिशेचा असतो.

आजचे सर्जन मृतदेहावरच्या या रेघांपेक्षा जिवंत माणसाच्या सुरकुत्यांवर जास्त भरवसा ठेवतात. भूल द्यायच्या आधीच ते म्हणतात, “जरा भुवया वर करा.” कपाळावर आडव्या आठ्या उमटतात. मग बोटांच्या चिमटीत कातडी धरून बघायची, कुठल्या बाजूने ती सहज जुळते, आणि पेनाने खूण करायची. वण आठीत लपला तर वर्षभराने तो शोधावा लागतो.

टाके घातल्यावर पहिलं काम वरच्या थराचं. कडेच्या पेशी सरकत सरकत एकमेकींना गाठतात, आणि नीट शिवलेल्या जखमेवर हे दार एक-दोन दिवसांत बंद होतं. खालचं काम मात्र रेंगाळत चालतं. आधी गोठलेलं रक्त, मग साफसफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी, आणि त्यांच्यामागून कोलॅजेन विणणाऱ्या पेशी येतात. निरोगी कातडीत कोलॅजेनचे धागे चटईसारखे आडवेतिडवे गुंतलेले असतात. वणात ते बहुतेक एकाच दिशेने, घाईघाईने ओढलेले. त्यात ना केसांची मुळं ना घामाच्या ग्रंथी.

आकडे बघितले की धडकी भरते. आठवडाभराने जखमेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम 3 टक्के असते, तीन आठवड्यांनी 20 च्या आसपास, तीन महिन्यांनी 80. त्यापुढे ती फारशी जात नाही, कधीच. आणि चेहऱ्यावरचे टाके पाच-सात दिवसांतच काढतात! जास्त दिवस ठेवले तर टाक्यांचेच रुळांसारखे वण उठतात. मधल्या काळात जखम धरून ठेवतात ते आत घातलेले, आपोआप विरघळणारे टाके. पाठीवरचा टाका निघाला म्हणून लगेच पोती उचलू नयेत, ते यासाठी.

वण लाल होतो, खाजतो, आणि निवळायला वर्ष लागतं. काहींचा मात्र थांबायचं नावच घेत नाही. जखमेची हद्द ओलांडून फुगत जाणारा तो केलॉइड. छाती, खांदे आणि कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा, आणि सावळ्या-काळ्या कातडीला त्याचा धोका जास्त. नुसता कापून काढला तर तो बरेचदा पुन्हा येतो.

पण वर्षाने तरी वण पुरा होतो का? 1740 साली इंग्रज नौदलाचे अधिकारी जॉर्ज अ‍ॅन्सन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा त्यांच्या जहाजांवर लंडनच्या चेल्सी सैनिकी इस्पितळाचे पेन्शनर, म्हातारे, जायबंदी सैनिक कोंबले होते. (ज्यांना पळता येत होतं, ते आधीच पळाले होते.) वाटेत स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, पसरला. जहाजावरच्या पाद्रीबुवांच्या नावाने निघालेल्या प्रवासवर्णनात अशाच एका सैनिकाची नोंद आहे: आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत, पन्नास वर्षांपूर्वी झालेल्या त्याच्या जखमा पुन्हा उघडल्या. वणातलं कोलॅजेन सतत उसवलं जातं आणि सतत नव्याने विणलं जातं. विणायला क जीवनसत्त्व लागतं. ते संपलं की विणकाम थांबतं, उसवणं चालूच राहतं.

1939 मध्ये बोस्टनचे तरुण सर्जन जॉन क्रँडन यांनी हे स्वतःवर करून पाहिलं. क जीवनसत्त्व नसलेलं जेवण घेत ते राहिले. तीन महिन्यांनी पाठीवर मुद्दाम काप घेतला, तो छान भरला. सहा महिन्यांनी दुसरा घेतला. वरची कातडी जुळली होती; उघडून पाहिलं तर खाली नुसतं गोठलेलं रक्त. मग क जीवनसत्त्व शिरेतून द्यायला सुरुवात झाली, आणि थोड्याच दिवसांत खालचा थरही भरू लागला.