हिरडा, पाणी आणि राखणीचा पैसा

आदिवासींना चार पैसे दिले तरच जंगल टिकेल, असं पुण्यात बसून बोलायला सोपं आहे. आंबेगावच्या आहुप्यात कड्यालगत देवराई आहे. इथलं भीमाशंकर अभयारण्य झालं 1985 मध्ये. महादेव कोळी आदिवासींनी ही राई त्याआधी किती पिढ्या राखली, तीही कुणाच्या रोजंदारीवर नव्हे.

दुसरा समज असा, की सरकार जंगलाचे पैसे गावाला देतंच. पैसा आहे, हे खरं. वनजमीन रस्त्याला किंवा खाणीला दिली की प्रकल्पवाल्याकडून ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ वसूल होतं. 2022 पासून जंगलाच्या प्रतीनुसार हेक्टरी सुमारे साडेनऊ ते सोळा लाख. पण 2016 च्या कायद्यानुसार त्यातला 90 टक्के वाटा राज्याच्या कॅम्पा (भरपाई वनीकरण) निधीत जातो आणि खर्चाच्या किल्ल्या वनखात्याकडे राहतात. ग्रामसभेशी सल्लामसलत करायची, एवढंच नियमात आहे. चेक तिच्या नावाने निघत नाही.

हिरडा काढणं म्हणजे जंगल ओरबाडणं, हेही ऐकू येतं. जुन्नर-आंबेगावात काढतात तो बाळहिरडा, म्हणजे कोवळं फळ. झाडावर चढून ते उतरवायचं, उन्हात काळं पडेपर्यंत वाळवायचं, मग आदिवासी विकास महामंडळाला नाहीतर व्यापाऱ्याला घालायचं. झाड उभं असेल तरच पुढच्या वर्षी रोकड, म्हणून कुऱ्हाड लावायला कुणी धजत नाही. सगळंच कोवळं फळ उतरवलं तर बी कुठून पडणार, हा आक्षेप मात्र खोटा नाही. काही झाडं न उतरवता सोडावीच लागतात. पण ती कोणती, हे गावानं ठरवायचं. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी गोळा करणाऱ्यांना दिली आणि सामूहिक जंगल राखण्याचा हक्कही दिला, अभयारण्यातसुद्धा. तरी जून 2020 च्या निसर्ग वादळात हिरडा झोपला, तेव्हा भरपाईसाठी आंदोलनं करावी लागली.

राहिलं पाणी. घोड नदी आहुप्याजवळ उगवते, डिंभे धरणात अडते आणि कुकडी प्रकल्पातून पार नगर-सोलापूरकडे जाते. त्या धरणात याच खोऱ्यातली भातखाचरं बुडाली. खालचा बागायतदार पाणीपट्टी भरतो ती पाटबंधारे खात्याला. मेक्सिकोत 2003 पासून पाणीपट्टीचा काही वाटा वरच्या जंगलवाल्यांना मिळतो. ते उदाहरण आपल्याकडे हौसेने दिलं जातं, पण तिथलं बरंचसं जंगल ‘एजिदो’ नावाच्या गावसंस्थांच्या ताब्यात आहे, हे सांगायचं राहून जातं. पैसे कुणाला द्यायचे, हा प्रश्न तिथे आधीच सुटलेला होता.

आपल्याकडे हक्काचा कागद मिळाला तरी काम संपत नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क 2009 मध्ये मिळाला. स्वतःचा बांबू विकायला लागणारं वाहतूक परवान्यांचं पुस्तक मात्र ग्रामसभेच्या हाती पडलं 2011 च्या एप्रिलमध्ये, तेही केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा.