महानुभाव पंथ : स्मरणातून घडलेला परमार्ग

मराठी गद्याचा आद्य ग्रंथ ज्यांच्या आठवणींनी भरलेला आहे, ते श्रीचक्रधरस्वामी मूळचे महाराष्ट्रातले नव्हते. पंथीय परंपरेनुसार ते गुजरातेतील भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरपाळदेव. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घराबाहेर पडले आणि विदर्भातील ऋद्धिपूर येथे, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरात, श्रीगोविंदप्रभूंकडून त्यांनी ज्ञानशक्ती स्वीकारली. पुढे सालबर्डीच्या डोंगरात दीर्घ एकांतवास करून ते गोदावरीच्या परिसरात आले. देवगिरीवर यादवांचे राज्य असताना त्यांच्याभोवती जे शिष्यमंडळ जमले, त्यातून महानुभाव पंथ आकारास आला. पंथस्थापनेचे वर्ष सामान्यतः इ. स. १२६७ मानले जाते. अनुयायी स्वतः मात्र आपल्या मार्गाला ‘परमार्ग’ म्हणत.

या पंथात पाच अवतार पूज्य आहेत : द्वारावतीचे श्रीकृष्ण, सह्याद्रीवरील श्रीदत्तात्रेय, द्वारावतीचेच श्रीचांगदेव राऊळ, ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू आणि चक्रधर. हेच पंचकृष्ण. त्यांपैकी चांगदेव राऊळ हातात खराटा आणि सूप घेऊन द्वारकेचे रस्ते झाडीत, तर गोविंदप्रभू वेड्यासारखे गावभर हिंडत आणि मातंगांच्या वस्तीतही निःसंकोच वावरत. सिंहासनापेक्षा खराटा जवळचा मानणारी ही परंपरा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढचे पुष्कळ काही उलगडते.

महानुभावांचे तत्त्वज्ञान द्वैती आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून स्वतंत्र आणि अनादी आहेत. जीव अज्ञानाने बद्ध आहे. देवतांची संख्या पंथाने एक्याऐंशी कोटी सव्वा लक्ष दहा इतकी नेमकी सांगितली आहे. या देवता आपापल्या सामर्थ्याप्रमाणे फळ देतात, पण ते फळ भोगून संपते आणि जीव पुन्हा फेऱ्यात सापडतो. मोक्ष देण्याचे सामर्थ्य एकट्या परमेश्वराचे. म्हणून देवतांच्या उपासनेला येथे गौण स्थान मिळाले, आणि नाना देवतांच्या व्रतवैकल्यांवर चालणाऱ्या तत्कालीन कर्मकांडाशी पंथाचा विरोध अटळ ठरला. देवगिरीचा मंत्री हेमाद्री नेमका त्याच काळात व्रते आणि दाने यांचा प्रचंड संस्कृत संग्रह सिद्ध करीत होता. राजधानीच्या परिसरात याहून वेगळे दोन ध्रुव क्वचितच शेजारी नांदले असतील.

आचारधर्म कडक होता. संन्यास, अहिंसा, भिक्षा आणि एका जागी न रमता अखंड अटन. हा संन्यास स्त्रियांना आणि शूद्रांनाही खुला होता. स्त्रीच्या मासिक धर्माकडे विटाळ म्हणून पाहण्यास चक्रधरांनी नकार दिला. शरीराच्या इतर उत्सर्गांसारखाच तो एक, अशी त्यांची भूमिका लीळाचरित्रात नोंदलेली आहे. तेराव्या शतकातली ही भूमिका आजही अनेक घरांच्या उंबऱ्याबाहेर थांबलेली दिसते. ज्या महदाइसेला आद्य मराठी कवयित्री म्हटले जाते, ती याच मंडळातील चिकित्सक शिष्या होती.

इ. स. १२७४ च्या सुमारास चक्रधर अनुयायांना अंतरले. ते उत्तरापंथे निघून गेले, असे पंथ मानतो. साक्षात ईश्वराचे सन्निधान हाच ज्यांचा आधार, त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला : आता काय करावे? उत्तर होते स्मरण. स्वामींचे नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांची आठवण हीच उपासना झाली. ते जेथे बसले, निजले, जेवले, त्या जागांवर पुढे ओटे बांधले गेले आणि त्या स्थानांची वर्णने ‘स्थानपोथी’त लिहून ठेवण्यात आली. एके काळी चक्रधरांशी वाद घालण्यास आलेले म्हाइंभट आता प्रत्यक्षदर्शींकडे जाऊन एकेक लीळा विचारून घेऊ लागले. त्यातून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मूळ पोथी पुढे आक्रमणांच्या धामधुमीत हरवली आणि ती आठवणीतून पुन्हा जुळवावी लागली, असे परंपरा सांगते. आज आढळणाऱ्या पाठभेदांचे मूळ त्यात आहे.

मराठीचा आग्रहही याच मंडळातला. चक्रधरांनंतर पंथाची धुरा वाहणारे नागदेवाचार्य यांनी केशोबासांना संस्कृत ग्रंथरचनेपासून परावृत्त केले. त्याने माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील, अशी त्यांची तक्रार होती. भाषेच्या बाजूने इतका साधा आणि इतका निरुत्तर करणारा युक्तिवाद मराठीत दुसरा सापडणे कठीण.

मग विपरीत घडले. सर्वांसाठी मराठीत लिहिलेले हे वाङ्मय चौदाव्या शतकापासून सांकेतिक लिप्यांत बंद झाले. त्यांतील प्रमुख ‘सकळ’ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजिले जाई. पोथ्या सुरक्षित राहिल्या, पण बाहेरच्या समाजाला पंथ अनोळखी झाला. न कळणाऱ्याविषयी जे होते तेच झाले. ‘महानुभाव’चा अपभ्रंश ‘मानभाव’ झाला आणि ‘मानभावी’ म्हणजे ढोंगी, असा अर्थ भाषेत रुजला. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण अहिंसेचे व्रत पाळणाऱ्यांच्या वाट्याला यावी, हा दैवदुर्विलास. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘सकळ’ लिपी उलगडली, तेव्हा मराठी वाङ्मयेतिहासाची पहिली पानेच नव्याने लिहावी लागली. पुढे ह. ना. नेने, वि. भि. कोलते आदींनी ग्रंथ संपादिले. कोलते यांच्या लीळाचरित्रातील काही लीळांवर पंथीयांनी तीव्र आक्षेपही घेतले. ‘मानभावी’ हा शब्द मात्र कोशात अजून तसाच आहे.

चक्रधरांनी अनुयायांना कानडी आणि तेलंगी मुलखात न जाता महाराष्ट्रात राहण्यास सांगितले होते, कारण ते देश विषयबहुल. बेळगाव-हैदराबादच्या वाचकाला या उपदेशाची गंमत वाटेल. पंथ मात्र उत्तरेकडे पंजाबात आणि थेट काबूलपर्यंत पोहोचला. तेथे त्याला ‘जयकृष्णी’ म्हणतात. पंजाबी मातृभाषेच्या अनुयायांनी जुन्या मराठीतील सूत्रे आणि पोथ्या धर्मभाषा म्हणून शतकानुशतके जपल्या. घरात कोंकणी आणि देवळात मराठी भजन-आरती हा क्रम ज्यांच्या अंगवळणी आहे, त्या गोमंतकीयांना यात फारसे नवल वाटू नये.

मराठीला अभिजात दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी जाहीर झाला. त्यापूर्वीच महाराष्ट्र शासनाने मराठी भाषा विद्यापीठासाठी रिद्धपूरची निवड केली होती. गोविंदप्रभूंचे गाव आता विद्यापीठाचे गाव झाले आहे.