जुनी गाडी, चालती गाडी (भाग 7): ब्लॉकचे वॉटर प्लग

येलदरीला पूर्णेवरचं एवढं मोठं धरण आहे, तरी जुन्या गाडीच्या रेडिएटरमध्ये जातं ते बहुतेक वेळा बोअरचं पाणी. आपल्या काळ्या दगडातलं हे पाणी जड. ते इंजिनाला आतून खात राहतं आणि पहिला बळी जातो तो ब्लॉकच्या अंगातल्या पत्र्याच्या प्लगचा. मागच्या आठवड्यात रेडिएटर झाला, आज हा वॉटर प्लग. काही मेकॅनिक त्याला वेल्च प्लग म्हणतात.

तो मुळात असतो कशाला? कोल्हापूरच्या फाउंड्रीत ज्याने ब्लॉक ओतताना पाहिलाय, त्याला हे विचारावं लागत नाही. सिलिंडरभोवती पाणी फिरायला पोकळी हवी, म्हणून साच्यात वाळूचा कोअर ठेवतात. त्याला बाजूने आधार लागतो आणि नंतर वाळू बाहेर काढायला वाट लागते. ती भोकं मग प्लगने बुजवतात. पाणी गोठलं की प्लग उडतो आणि ब्लॉक वाचतो, असं थंड मुलखात सांगतात. तिथेही त्याचा भरवसा नसतो. परभणी जिल्ह्यात तो प्रश्नच नाही. इथे प्लग गंजून जातो.

कुर्ल्याच्या प्रीमियरने 1964 पासून बनवलेली 1089 सीसीची फियाट घ्या, म्हणजे पुढची पद्मिनी. ब्लॉकवर तांबूस ओघळ दिसला की समजा. थंड इंजिन कोरडं असतं. गरम होऊन दाब वाढला की थेंब सुटतो. वरून एम-सील थापू नका. चार दिवस टिकेल आणि भर उन्हात जिंतूरच्या रस्त्यावर सुटेल.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर पाणी काढा. बोथट छिन्नी प्लगच्या एका कडेला लावून ठोका, म्हणजे तो भोकातच आडवा फिरतो. मग पक्कडीने ओढून घ्या. सरळ आत ठोकलात तर तो पाण्याच्या पोकळीत पडेल. आता आत बोट घालून पाहा: गंजाचा गाळ हाताला लागेल. तारेने उकरून, पाण्याचा जोरदार फवारा मारून तो काढा. खरं काम हेच. मग बैठक एमरी पेपरने चकचकीत करा, व्हर्नियरने माप घ्या आणि शक्यतो पितळी प्लग आणा. कडेला गॅस्केट शेलॅकचा पातळ हात द्या आणि प्लग वाटीसारखा असेल तर त्याच्या आत सैल बसेल असा सॉकेट ठेवून तो सरळ ठोका. प्लग घुमटासारखा असेल तर फुगवटा बाहेर ठेवून मधोमध बेताचा ठोका द्या. तो सपाट होता होता कडेने आवळतो. जास्त मारलात, मध्ये खळगा पडला, तर तो प्लग फेकून द्या.

एक गळला की बाकीचेही त्याच वयाचे असतात, म्हणून सगळे एकदमच बदला. गिअरबॉक्सच्या बाजूचा सहसा राहून जातो, कारण तिथे पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लचचं काम निघेल तेव्हा तो उरकून घ्या. नंतर बोअरचं पाणी बंद. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच भरा.

पुढच्या आठवड्यात थर्मोस्टॅट. ‘काढून टाका, गाडी गार राहते’ असं गॅरेजात सांगतील; तोवर काढू देऊ नका.